आधी मीठ की आधी ऊब

त्या घरात जेवताना समुद्राचे नाव काढायचे नाही, असा दंडक होता. सासूबाई पोवळ्यांच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे मामा, त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर संशोधक. आणि सून तळमजल्यावर. विषय निघाला की भांडण ठरलेले, त्यामुळे पानावर हवापाण्याच्या गप्पासुद्धा वर्ज्य होत्या.

बहीणभावांचा वाद एकच, पण तीस वर्षांचा. विषुववृत्ताजवळचा समुद्र काही वर्षांच्या अंतराने तापतो आणि जगभरच्या पावसाची घडी विस्कटते. तापल्या भागात पाऊस जास्त पडतो, वरच्या पाण्यातले मीठ उतरते, म्हणजे खारटपणा घटतो. सासूबाई म्हणत, आधी ऊब वाढते, मग मीठ उतरते. मामा म्हणत, आधी मीठ उतरते. ते हलके पाणी झाकणासारखे वर बसते, ऊब कोंडते आणि समुद्र तापतो. मामांचे खरे ठरले, तर मीठ मोजून पुढचे तापणे आधीच ओळखता येईल. दोघांचेही आवाज अजून शाबूत होते.

सुनेने दूरच्या किनाऱ्यावर पडलेल्या एका धोंड्यातून जुन्या, मेलेल्या पोवळ्याची लांब कांडी कापून आणली. पोवळे वर्षाला एक पट्टा वाढते, आणि त्या वर्षीच्या पाण्याची ऊब नि खारटपणा त्याच्या चुन्यात नोंदला जातो. दातांच्या डॉक्टरकडे असते तसल्या बारीक ड्रिलने तिने एकेका पट्ट्याचे बारा भाग करून, महिन्यामहिन्याची भुकटी काढून मोजली. उत्तर स्वच्छ आले. दर खेपेस मीठ आधी उतरले होते.

मामांना आकाश ठेंगणे झाले.

"सूनबाई, तू या घरात आलीस ती माझ्या भाग्याने!"

"मामा, मी लग्न होऊन आलेय."

"निमित्त काही का असेना."

सासूबाई एवढेच म्हणाल्या, "शुक्रवारच्या चर्चासत्रात मांडा." प्रयोगशाळेत त्या सुनेला अहो-जाहो करीत आणि घरी अगं-तुगं. उंबरठा ओलांडला की क्रियापद बदले.

गुरुवारी दुपारी सुनेने त्या कांडीचा एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि तो पुन्हा वरपासून तपासला. पोवळ्याचे पट्टे कमानीसारखे असतात, आणि पोवळे ज्या दिशेला वाढते त्या दिशेला कमानीचा फुगवटा असतो. इथे सगळे फुगवटे खाली तोंड करून होते. कोण्या वादळाने तो धोंडा कधीकाळी पालथा घातला होता, आणि तिने त्यात इमानेइतबारे वरून खाली भोक पाडले होते. तिचे पहिले वर्ष शेवटचे होते आणि शेवटचे पहिले. कांडी सुलटी केली की आधी ऊब, मागून मीठ. म्हणजे सासूबाईंचेच बरोबर.

चूक सांगायला ती कचरणारी नव्हती. अडचण वेगळी होती. आठवडाभर ती सासूच्या विरुद्ध बोलली होती. आता एकाएकी बाजूने बोलली, तर घरी कान पिळले असतील, असेच अख्खी इमारत म्हणणार. मग तिच्या कोणत्याही आकड्याला जन्मभर सुनेचा आकडा म्हणतील.

ती एक्स-रे घेऊन वर गेली.

"मामा, हे पोवळं कुठल्या बाजूला वाढलंय?"

मामांनी पाहिले. चष्मा पुसून परत पाहिले.

"ताईनं दाखवलं का तुला हे?"

"बघा! तुम्हीसुद्धा तेच विचारलंत."

मामा ओशाळले. मग सुस्कारा टाकून म्हणाले, "पालथं आहे गं. आठवडाभर मी पेढे वाटायचा तेवढा राहिलो होतो."

"उद्या सगळे तेच विचारतील."

"विचारतील. मीही विचारलंच की."

शुक्रवारी पहिल्याच चित्राखाली सुनेने लिहिले होते : मी पोवळे उलटे वाचले. सभागृहात चुळबुळ झाली. काहींनी हळूच सासूबाईंकडे पाहिले. सासूबाई उठल्या.

"एका पालथ्या धोंड्यावरून तुम्ही मला बरोबर ठरवता?"

"तुमच्याबद्दल मी काहीच ठरवत नाही. या धोंड्यापुरती ऊब आधी आहे."

"किती आधी?"

"तीन महिने."

"मोजणीत चूक किती?"

"दोन महिने, इकडे किंवा तिकडे."

"म्हणजे जेमतेम."

"जेमतेमच."

"मग हे इतकं ठासून का मांडता?"

"ठासून मांडलेलं नाही. तुम्हीच ठासून विचारताय."

मागच्या रांगेत कोणाला तरी ठसका लागला. सासूबाई बसल्या नाहीत. ड्रिलचे टोक, भुकटीचे वजन, ऊब नि मीठ एकमेकांपासून वेगळे कसे काढले, एकेक करून त्यांनी सगळे सोलून काढले. सून जिथे अडली तिथे "माहीत नाही" म्हणाली, आणि जिथे ठाम होती तिथे तसूभर हलली नाही. शेवटी मामाच म्हणाले, "ताई, अगं ती तुझ्याच बाजूनं बोलतेय!"

"माझ्या बाजूनं बोलणाऱ्याला मी सोडायचं, असं कुठे लिहिलंय?"

बाहेर चहाच्या टेबलापाशी लोक सुनेभोवती जमले. "काय ही सासू!" एक रसायनवाला कुजबुजला. "आपल्याच फायद्याचा निष्कर्ष फाडून खाल्ला!" दुसऱ्याने तिचे आकडे स्वतःच्या लेखासाठी मागितले. कान पिळल्याची भाषा कोणीही केली नाही. सुनेचा जीव भांड्यात पडला. ती कप हातात धरून उभी राहिली.

सासूबाई शेजारून गेल्या. थांबल्या नाहीत.

"फुगवट्याचं चित्र मोठं करून घ्या. मागच्या रांगेला दिसत नाही."