भिंतीपलीकडचा खिळा

मी गाडी बोलतेय. विजेवर चालणारी, म्हणजे चालत होते ती. घराच्या भिंतीला खेटून उभी आहे. मागचं एक चाक बसलंय आणि काचेवरच्या धुळीत कोणीतरी बोटाने फुली मारून ठेवली आहे.

माझ्यात इंजिन नाही, तेल नाही, धूर नाही. दुकानात विक्रेता येईल त्याला सांगायचा, "हिच्यात बिघडण्यासारखं आहेच काय?" ते ऐकून मीही फुशारून जायचे.

मला घेतलं ते चष्म्याच्या दुकानवाल्यांनी. गल्लीत त्यांना खिळेराव म्हणतात. त्यांच्या घरात छत्रीला, टॉर्चला, कात्रीला, प्रत्येक वस्तूला स्वतःचा खिळा आहे. वस्तू वापरली की ती परत तिथेच गेली पाहिजे. गाडीची गरज मात्र त्यांच्या बायकोला, म्हणजे बाईंना होती. बाईंना पेट्रोलचा वास सहन होत नाही. बस असो की टॅक्सी, दोन वळणं गेली की पोटात ढवळायला लागतं. त्यांची थोरली बहीण, अक्का, घाटापलीकडे एकटी राहायची. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे तिला बाहेर पडता येत नव्हतं. दोघी वर्षानुवर्षं फोनवरच भेटायच्या.

पहिल्या खेपेला बाई हातात लिंबू घट्ट धरून बसल्या होत्या. घाट संपला तरी लिंबू नाकाशी गेलंच नाही. अक्का काठी टेकत दारात आली.

"अगं, हसत उतरलीस? मला वाटलं दुसरीच कोणीतरी आली!"

"आता दर महिन्याला येणार. कंटाळशील."

"कंटाळले की सांगेन. आधी ये तर."

त्या एका दिवसासाठी माझा जन्म झाला असं मला अजूनही वाटतं.

घरी परतल्यावर खिळेरावांनी माझ्या किल्लीसाठी नवा खिळा ठोकला. दाराच्या आत, भिंतीवर. त्याच भिंतीच्या बाहेरच्या अंगाला मी उभी असते.

माझी किल्ली बिनतारी आहे, ती नुसती जवळ आली की मला कळतं. धनी आले असं समजून मी जागी होते, दारं तपासते, आतली यंत्रं उठवते. किल्ली लांब गेली की झोपते. पण आता ती कायम हाताच्या अंतरावर. डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा कोणीतरी आल्यासारखं वाटायचं. मी उठायचे. कोणी नसायचं. मोठी बॅटरी चाकं फिरवते; या जागरणाचा भार बॉनेटखालच्या छोट्या बॅटरीवर. ती आतून झिजत गेली.

एका सकाळी माझी दारं उघडली नाहीत. माझ्या मुठी दारांच्या आत बसतात, त्या बाहेरच येईनात. शेजारचे काका कठड्यावर रेलून म्हणाले, "काय खिळेराव, गाडी घेतलीत की तिजोरी?"

मला उचलून वर्कशॉपमध्ये नेलं. तिथल्या सल्लागार बाईंनी छोटी बॅटरी बदलली आणि विचारलं, "किल्ली व्यवस्थित ठेवता ना?"

खिळेरावांची मान ताठ झाली. "आमच्याकडे किल्ली कधी इकडची तिकडे होत नाही. तिची जागा ठरलेली आहे."

"मग प्रश्नच नाही," म्हणत सल्लागार बाईंनी संगणकावर पुढचं बटण दाबलं.

मी तिथेच उभी होते. ओरडावंसं वाटलं. पण मला फक्त हॉर्न दिला आहे, आणि तोही दुसऱ्याने दाबावा लागतो.

काही महिन्यांनी तेच झालं. मग पुन्हा. एकदा स्क्रीन काळी पडली. एकदा चार्जिंगचं झाकण अडकलं. त्यातला बोटाएवढा भाग वेगळा मिळत नाही म्हणून अख्खं झाकण घ्यावं लागलं. गॅरंटी संपली, तेव्हा वर्कशॉपने अंदाजाने एक कंट्रोल युनिट बदललं. दुकानाची दोन महिन्यांची कमाई त्यात गेली. "आता त्रास नाही द्यायची," वर्कशॉपवाले म्हणाले. खिळेरावांनी घरी येऊन किल्ली जागेवर लावली.

आणि मग अक्काच्या शेजारणीचा फोन आला. "तिला श्वास लागलाय. तुमचंच नाव घेतेय. निघा."

बाई तशाच बाहेर आल्या. मी मेल्यासारखी पडले होते.

"अहो, काहीतरी करा ना!"

खिळेरावांनी किल्लीच्या पोटातली लोखंडी किल्ली काढून दार उघडलं, बॉनेट उघडलं. काकांनी आपली गाडी आणून वायरी जोडल्या. घाईत लाल वायर काळ्याच्या जागी लागली. ठिणगी उडाली आणि माझ्या आत काहीतरी जळालं.

बाई शेवटी टॅक्सीने गेल्या. घाटात चार ठिकाणी गाडी थांबवावी लागली. पोहोचल्या तेव्हा अक्काच्या दाराशी माणसं गप्प उभी होती.

वर्कशॉपने सांगितलं, मुख्य युनिट जळालंय. ते दुरुस्त होत नाही, बदलावंच लागतं. खर्च माझ्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. तपासणीसाठी त्यांनी एक छोटी बॅटरी बसवली होती, तेवढी राहू दिली. आता तिला भरणारं माझ्यात काही उरलेलं नाही.

"कर्ज काढून करून घेऊ," खिळेराव बाईंना म्हणाले. माझ्याशेजारीच उभे होते दोघं.

बाईंनी माझ्या टपावर हात ठेवला. "नको. आता जायचंय कुठे?"

त्यानंतर घरातलं कोणी माझ्याजवळ आलेलं नाही. भंगारवाला येऊन बघून गेला. ती फुली बहुधा त्याचीच. त्याने न्यावं, माझं काही म्हणणं नाही. पण तोवर एवढं करा. तुमच्यापैकी कोणी या घरी गेलात, तर दाराच्या आतल्या त्या खिळ्यावरची किल्ली काढून लांब कुठेतरी ठेवा. चुकीच्या जागी ठेवलीत तरी चालेल.

कारण ती अजून तिथेच आहे, पुसून, सरळ लटकवलेली. मला अजूनही वाटतं की बाई आल्या, अक्काकडे निघायचंय. उरल्यासुरल्या जिवावर मी उठते. दारं तपासते.

कोणी नसतं.