पाटीच्या पुढचा चढ

"काका, इथं उतरा. सगळेच उतरून राह्यले," हरीओम म्हणाला आणि त्याने चाकासमोर हात आडवा धरला.

शेषरावांनी ब्रेक दाबला, पण पाय जमिनीला टेकवला नाही. सागाच्या खोडाला खांदा लावून ते सीटवरच बसून राहिले. खोडावर नवी पाटी होती : 'अवघड वळण. सायकलवरून उतरावे.' पुढे एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला कातळ, आणि मधून सुट्या मुरमाची वाट आभाळात घुसल्यासारखी चढलेली.

वाशीमच्या सायकल क्लबची ही पहिली डोंगरफेरी. गुरांनी पाडलेली जुनी, निसर्गरम्य वाट, असे हरीओमने पत्रकात छापले होते. गिअरच्या सायकली पाटीपाशी येत आणि पुढे हाताने ढकलल्या जात. सहासष्ट वर्षांच्या या निवृत्त शिपायाची काळी सायकल पाहून कोणीतरी बुढ्याच्या गुडघ्यांची खैर मागितली. सगळे हसले, शेषरावही हसले.

वाट गुरांची नव्हती. पठारावरच्या शाळेत शेषरावांनी एकतीस वर्षे घंटा वाजवली, माठ भरले. शाळेचा रस्ता हरीओमच्या आजोबांच्या, दौलतरावांच्या ओट्यासमोरून जाई. तिथे बौद्धवाड्यातल्या माणसाने सायकलवरून उतरायचे, ती हाती धरून ओटा ओलांडायचा, मग पुन्हा बसायचे. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून खोडताही येत नव्हता. शेषरावांचे वडील जन्मभर उतरले. नोकरीच्या पहिल्या सकाळी शेषरावांनी हँडल डोंगराकडे वळवले. तीन किलोमीटरचे सात झाले. पहिले वर्षभर ते पडत राहिले. मग कुसळांतून टायरची एक रेघ उमटली आणि रेघेची वाट झाली. पुढे ओटा पाडून तिथे दुकान उभे राहिले. नियम कोणी मागे घेतला नाही. तो नुसता बोलेनासा झाला.

"पडसान ना काका. जिम्मेदारी माह्यावर येईन."

"पडीन. उतरनार नाई."

"पन काहून?"

शेषरावांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिले. "तुह्या आज्याच्या ओट्यापुढं उतरा लागू नये म्हनून ही वाट म्या पाडली, बापू. गुराईनं नाई. आता हिच्यावरच मले उतर म्हनतं?"

हरीओमचा हात खाली आला.

शेषराव पेडलवर उभे राहिले. वळणापर्यंत सायकल चढली, मग मागचे चाक मुरमात फिरत राहिले आणि ते कुशीवर कोसळले. गुडघा फुटला. माणसे धावली, सायकल वर नेऊन देतो, म्हणाली. शेषरावांनी मान हलवली. सायकल उताराकडे वळवली, तिच्यावर बसले आणि बसूनच पाटीपर्यंत खाली आले. श्वास घेतला. पुन्हा निघाले.

या वेळी वळणावर चाक फिरले, थरथरले आणि त्याने मुरमात पकड धरली.

पुढे वाट एका माणसापुरतीच होती, आणि तिच्यात मघाच सायकल ढकलत वर आलेला हरीओम उभा होता. त्याने सायकल उचलून काटेरी झुडपात नेली आणि हाती धरून तसाच पायांवर उभा राहिला.

शेषराव त्याच्या समोरून गेले. त्यांनी वळून पाहिले नाही. पेडलवर रक्ताचे थेंब पडत होते, आणि पेडल फिरत होते.