बरं, ये मग

लेकीच्या विशेष मुलांच्या शाळेतल्या बाईंचा फोन आला तेव्हा बाबा एका कुलपाची किल्ली घासत होते. लेकीला हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाच्या सरावाला पाठवलं होतं. सुरुवातीला बाई स्वतः शेजारी उभ्या राहून शिकवत, मग हळूहळू मागे सरकल्या. जमलं तर तिथेच ठेवून घेणार होते.

"नाही जमलं हो," बाई म्हणाल्या. "अभ्र्यांच्या घड्या सुरेख घालते, पण एक सुरकुती राहिली तरी अभ्रा हातातून सोडेल तर शपथ! तिथल्या मुकादमबाईंनी आज तिला कामावरून निरोप दिला."

बाबा "बरं" म्हणाले आणि पुन्हा कानस चालवू लागले. याआधी बेकरीतून आणि रोपवाटिकेतूनही हेच ऐकलं होतं. आता मनाला घट्टे पडले होते.

संध्याकाळी लेक घरी आली ती हसतच. वीस वर्षांची झाली तरी बाबा तिला चिमणीच म्हणत.

"उद्या बोलावलंय मला."

"कोणी गं?"

"मुकादमबाईंनी. 'बरं, ये मग' म्हणाल्या."

बाबांना सगळा घोळ तिथल्या तिथे कळला. आपल्यात निघालेल्या माणसाला "जा" म्हणत नाहीत. ज्याचं पुन्हा तोंडही बघायचं नाही, त्यालासुद्धा गोड हसून "ये हं" म्हणतात, आणि तोही शहाण्यासारखा परत येत नाही. एवढं ढोंग सगळ्यांना न शिकवता जमतं. चिमणीला ये म्हणजे ये.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण जेवताना म्हटलं, झोपताना सांगू. झोपताना म्हटलं, सकाळी बघू. सकाळी चिमणी वेणी घालून, एप्रन चढवून दारात हजर. बाबांनी पायात चपला सरकवल्या आणि तिच्याबरोबर निघाले. वाटभर ती अभ्र्यांबद्दल बोलत होती. ते हूं हूं करत होते.

लाँड्रीत वाफ कोंडली होती. चिमणी सरळ आपल्या टेबलाशी गेली, अभ्रा उचलला, कोपऱ्याला कोपरा जुळवला आणि तळहाताने सुरकुत्या काढू लागली. मुकादमबाईंनी बाबांना बाजूला घेतलं. त्या काही मनाने वाईट नव्हत्या.

"अहो, काल शाळेला सांगितलं ना मी?"

"सांगितलंत. पण हिला 'ये' म्हणालात."

"मग काय म्हणायचं? लेकीसारखी पोर. 'जा' म्हणायला जीभ रेटत नाही हो."

"आज रेटा," बाबा म्हणाले. गिऱ्हाइकाला किल्लीचा भाव सांगावा, तसा त्यांचा आवाज होता. "मी सांगून तिला पटायचं नाही. तिच्या साहेब तुम्ही."

मुकादमबाईंनी कपाळ पुसलं आणि टेबलाजवळ गेल्या.

"बाळा, तू आता जा हं."

चिमणीने हातातली घडी पुरी केली, अभ्रा ढिगावर ठेवला. इथे तिला रोज कोणी ना कोणी जा म्हणायचंच. जा, साबण घेऊन ये. जा, ही गाडी वॉर्डात पोचव. ती एप्रन नीट करून उभी राहिली.

"कुठे?" तिने विचारलं.

मुकादमबाईंनी बाबांकडे पाहिलं. "घरी" म्हणायला बाबांनी तोंड उघडलं. पण घरी जाऊन काय करू, हे ती लगेच विचारणार होती.