जागा चुकलेली कमान

मित्रांनो, मी एक जुनं कॉलेज आहे. हसू नका. माझ्यात वर्ग आहेत, वाचनालय आहे, प्रयोगशाळा आहे, मैदानसुद्धा आहे. फक्त मला उचलून न्यायला दोन माणसं पुरतात. पलूसच्या पुढे माळावर जे खरं कॉलेज उभं आहे ना, त्याचा मी लाकूड, पुठ्ठा आणि प्लास्टरचा नमुना. इथली माणसं मला 'माडेल' म्हणतात. सध्या माझा मुक्काम खेळाच्या सामानाच्या खोलीत आहे. एका अंगाला भाले, दुसऱ्या अंगाला मोडकी बाकं. उंदरांनी माझी सगळी झाडं खाल्ली. स्पंजची झाडं खाऊन त्यांच्या पोटात काय पडलं देव जाणे!

पण एके काळी मी कॉलेजच्या कचेरीत होतो, आणि मला बघायला माणसं चपला काढून आत यायची.

माझा जन्म एकोणीसशे सत्तर सालचा, कराडशेजारच्या मलकापुरातला. नाथाजी नावाचा गणपती करणारा एक कारागीर होता. गणपतीचा हंगाम संपला की त्याच्या हाताला काम नसायचं. अशा वेळी लालासाहेब सुभेदार इंजिनिअरचे नकाशे बगलेत मारून त्याच्या दारात हजर झाले. नाथाजीने मला मोठ्या हौसेने घडवलं. देवदाराच्या फळीवर हिरवा भुसा चिकटवून माळ केला, खिडक्यांना निळा कागद लावला, कौलं तांबडी रंगवली. त्याचा हात गणपतीला सरावलेला, त्यामुळे माझ्या इमारतींचे कोपरेही जरा गुबगुबीतच झाले. सुभेदारांना ते फार आवडलं. एक गोष्ट मात्र राहून गेली. खऱ्या माळाला चढउतार होते, एका बाजूला मुरमाचं टेकाड होतं, दुसऱ्या बाजूला ओढ्याकाठची काळी जमीन होती. माझी फळी सगळी सपाट आणि सगळी हिरवी. तेव्हा ते कुणालाच खटकलं नाही.

सुभेदार म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. फौजेतून निवृत्त होऊन आलेले, घरचा ऊस, मिशा पांढऱ्या आणि आवाज कवायतीचा. पुढच्या वीस वर्षांत हे कॉलेज कसं वाढवायचं, याचा आराखडा त्यांनी कमिटीकडून करून घेतला होता. आधी कला आणि वाणिज्य, मग विज्ञान, मग शेतीचा अभ्यासक्रम, शेवटी दिवसभर रानात राबणाऱ्यांसाठी पंपदुरुस्तीचे आणि दुधाच्या धंद्याचे संध्याकाळचे वर्ग. प्रत्येक टप्प्याच्या इमारती माझ्यावर खुंट्यांनी बसवलेल्या होत्या. कुणी आलं की सुभेदार सगळ्या काढून ठेवायचे आणि एकेक बसवत सांगायचे, हा पयला टप्पा, हा दुसरा, हा तिसरा. लहान मूल भातुकलीत रमावं तसा तो माणूस माझ्यात रमायचा. मला उचकटून घेताना सुरुवातीला कसंसंच व्हायचं, मग मलाही त्याची गोडी लागली.

दुसऱ्या टप्प्यात पहिला मान होता मुलींच्या वसतिगृहाचा. त्यावरून कमिटीत बरीच जुंपली होती. निम्म्या सभासदांना आधी सभागृह हवं होतं. पण सुभेदार हटले नाहीत, आणि त्याला कारण होती बनू.

आटपाडीकडचा धुळा दर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पश्चिमेला यायचा आणि खतासाठी सुभेदारांच्या रानात ती बसवायचा. बनू ही त्याची थोरली लेक. मावशीकडे राहून शाळा शिकत होती, आणि गुरुजी म्हणायचे पोरीचं डोकं चांगलं आहे. एकदा सुभेदारांनी धुळ्याला विचारलं की मॅट्रिक झाल्यावर पुढे काय. धुळा म्हणाला, कॉलेज तुमच्या ह्या मुलखात, आमची वस्ती त्या मुलखात, पोरीनं राहायचं कुठं? सुभेदारांनी तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला की ती मॅट्रिक होईल तेव्हा तिच्यासाठी इथे वसतिगृह उभं असेल. ही हकिगत ते कचेरीत आल्यागेल्याला इतक्यांदा सांगायचे की मला ती तोंडपाठ झाली. बनूला मी पाहिलेलं नव्हतं, पण ती माझ्यात राहायला येणार म्हणून मी तिची वाट बघायला लागलो होतो.

आणि मग ते पाहुणे आले.

मोठे पाहुणे होते, त्यांच्या मनात आलं तर दुसरा टप्पा मार्गी लागणार होता. कचेरीत सोफा एकाच भिंतीला होता, आणि त्या सोफ्यावरून बघणाऱ्याला माझी मागची बाजू दिसायची. सुभेदारांच्या ते ऐन वेळी लक्षात आलं. "पाव्हण्याला मागल्या दारानं आत घ्यायचं व्हय?" असं म्हणत त्यांनी माझी प्रवेशाची कमान उपटली आणि उलट्या अंगाला, मागच्या कुंपणात नेऊन खोचली. आमच्याकडची रीतच आहे तशी. पाहुण्याला कमानीतूनच आत घ्यायचं, मग घरात काही नसलं तरी चालेल. पाहुणे खूश झाले, वाहवा झाली, सगळे जेवायला उठले. कमान तिथेच राहिली.

एवढ्याशा कमानीने काय होतं, असं तुम्हाला वाटेल. ऐका. मूळ जागेवरच्या कमानीतून आत शिरलं की मुलींचं वसतिगृह पार टोकाला, उजव्या हाताला यायचं. खऱ्या माळावर तिथे मुरमाचं टेकाड होतं, पाया घालायला नामी. कमान मागे गेली आणि तेच वसतिगृह कमानीला लागून, डाव्या हाताला आलं. खऱ्या माळावर कमानीला लागून डाव्या हाताला काय होतं? ओढ्याकाठची काळी जमीन. ती मैदानासाठी राखून ठेवली होती. मधली मोठी इमारत तर दोन्हीकडून सारखीच, तिच्यावरून कुणाला काही कळायचं नाही.

बहात्तरचा दुष्काळ पडला. आमचे इंजिनिअर दुष्काळी कामांवर गेले आणि सगळे नकाशे त्यांच्याबरोबर गेले. इकडे बनू मॅट्रिकच्या वर्गात आली. सुभेदारांना धीर धरवेना. त्यात त्यांचा मोतीबिंदू पिकला आणि मिरजेला दवाखान्यात राहणं आलं. जाताना त्यांनी गुंडा गवंड्याला कचेरीत बोलावलं, माझ्याकडे बोट दाखवलं आणि सांगितलं की सगळं ह्यात हाय, बघ आणि कामाला लाग, माझ्यासाठी थांबू नको. गुंडा भला माणूस. त्याने मला चारी बाजूंनी नीट पाहिलं, कमानीतून आत बोट फिरवलं, डावीकडे वळवलं. अरे बाबा, ती कमान तिथली नव्हे, असं मी किती घोकलं! पण लाकडाला तोंड कुठलं? गुंडाने रस्त्यावरच्या कमानीच्या जागेपासून चुन्याची फक्की मारून आखणी केली आणि काळ्या जमिनीत चर खणायला घेतले.

सुभेदार परत आले ते डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून. तोवर काम जोत्यापर्यंत आलं होतं. ते जोतं बघून तडक कचेरीत आले. माझ्यासमोर उभे राहिले. मग माझ्या कमानीवर बोट ठेवलं. तेच बोट ओढत तिच्या मूळ जागेपर्यंत नेलं.

प्राचार्य मागोमाग आले होते. त्यांनी समजुतीने सांगितलं की काळी जमीन फुगते, पाणी पिऊ लागली की भिंती उचलते. झालं ते झालं, एक वर्ष थांबू, इंजिनिअर आले की टेकाडावर नव्याने घेऊ.

"वरीस थांबलो तर धुळा पोरीचं लगीन लावून मोकळा हुईल," सुभेदार म्हणाले. "म्या त्याला शबूद दिलाय, सर. आन् जिमीन बगितली न्हवं? लोखंडावानी हाय. पार फुटंना."

जमीन खरंच लोखंडासारखी होती. दुष्काळातली काळी जमीन तशीच असते. काम चालू राहिलं. त्या दिवशी सुभेदारांनी वर्षभर थांबायला हवं होतं, मित्रांनो. वीस वर्षांचा आराखडा करणाऱ्या माणसाला एक वर्ष जड झालं. मला अजूनही त्याची हळहळ वाटते, आणि रागही येतो, आणि राग आला की त्यांची ती हिरवी पट्टी आठवते.

चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये वसतिगृह भरलं. धुळा स्वतः बनूला घेऊन आला. डोक्यावर पत्र्याची पेटी, खांद्यावर नवं कोरं घोंगडं. सुभेदार कचेरीत येऊन सांगत होते की पोरगी खिडकीशी बसून वाचत होती. घरात नात जन्मली असती तरी माणूस इतका नाचला नसता. पूर्वेच्या कोरड्या मुलखातल्या आणखीही पोरी आल्या. मुलींना कचेरीत काही काम नसायचं, त्यामुळे बनू मला दिसली नाहीच. पण त्या दिवसांत मी फार समाधानात होतो. आपल्यावरचा एक तुकडा खरा झाला की नमुन्याला काय वाटतं, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

मग पाऊस चांगला झाला. सगळा मुलूख सुखावला आणि आमच्या वसतिगृहाला वाईट दिवस आले. आधी दारं घट्ट बसायला लागली. पोरी रेटून लावायच्या आणि हसायच्या. मग ती लागेचनात. पंचाहत्तरच्या पावसाळ्यात भिंतींना तडे गेले, एवढे की त्यातून हात घालावा. गुंडाने ते सिमेंटने बुजवले, ते पुन्हा उघडले. एक दिवस पोरी वर्गात असताना ओढ्याकडची भिंत बसली. कुणाला इजा झाली नाही, एवढंच दैव. सरकारी माणसं येऊन बघून गेली आणि वसतिगृहाला कुलूप लागलं.

धुळा लेकीला न्यायला आला तेव्हा सुभेदार त्याला कचेरीत घेऊन आले. बनूची पदवी अजून अर्ध्यावरही आली नव्हती. सुभेदार म्हणाले, माझ्या घरी ठेव, माझी सून आहे, नाती आहेत, तुझी लेक ती माझी लेक. धुळ्याने पागोटं सारखं केलं.

"सुबेदार, तुमच्या घरात काय खोट न्हाई," तो हळूच म्हणाला. "पर वसतिग्रुवात हाय म्हणून म्या चार लोकांत ताठ बोलत हुतो. परक्याच्या घरी ठिवली म्हटलं तर भावकीला काय सांगू?"

बनू गेली. त्याच दिवाळीत तिचं लग्न झालं. धुळ्याची मेंढरं पुढच्या वर्षी आली, पण ती दुसऱ्याच्या रानात बसली.

पुढे कमिटी बदलली. नव्या सभासदांनी सभागृह आधी घेतलं, मुलींचं वसतिगृह शेवटच्या टप्प्यात ढकललं. रंगीत नकाशा चौकटीत लावून भिंतीवर आला आणि मी ह्या खोलीत आलो. माझ्यावर झाकायची काच फुटली, कौलांचा रंग उडाला. पंपदुरुस्तीच्या वर्गांची इमारत कुणीतरी कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवायला नेली. सुभेदारांनी अध्यक्षपद सोडलं. ते कधीमधी यायचे, माझ्याजवळच्या मोडक्या बाकावर बसायचे आणि उठून जायचे. टप्पे सांगायचे त्यांनी बंद केलं होतं.

यंदा, एकोणऐंशी सालात, बनू आली. तिला शाळा सोडल्याचा जुना दाखला परत हवा होता. वस्तीवर बालवाडी निघणार होती आणि तिथे तिला काम मिळण्यासारखं होतं. मोठ्या शाळेत शिकवायचं काम मात्र पदवी नाही म्हणून तिच्याऐवजी दुसऱ्या कुणाला मिळालं होतं, तेही तिनेच सांगितलं. कचेरीच्या पायरीवर तिला सुभेदार भेटले. काय बोलावं ते सुचेना म्हणून असेल, ते तिला माझ्याकडे घेऊन आले. धोतराच्या सोग्याने माझ्यावरची धूळ पुसली.

मी बनूला पहिल्यांदा पाहिलं. उंच, उन्हाने रापलेली, कपाळावर मोठं कुंकू. कडेवर लहान पोर होतं. ती वाकून माझ्यात बघत राहिली.

"आबा," तिने विचारलं, "ह्यात माजी खोली कंची?"

सुभेदारांनी वसतिगृहाच्या एका निळ्या खिडकीवर बोट ठेवलं. बनूने त्या भिंतीवरून अंगठा फिरवला, इकडून तिकडे, सावकाश.

"हिला तडा न्हाई गेला," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला बिचारीला खरंच नवल वाटलं होतं. पण सुभेदार बाकावर बसले आणि त्यांनी तोंड हातांत झाकून घेतलं. बनू घाबरली, आबा, आबा म्हणत त्यांच्याजवळ बसली. कमानीचं तिला त्यांनी सांगितलंच नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. शाळा बांधाल, कॉलेजं बांधाल, वीस-वीस वर्षांचे बेत कराल. तेव्हा माझ्यासारखं एखादं माडेल जरूर करून घ्या, आणि ते जपा. पण त्याच्या देखणेपणावर भुलू नका. फक्की मारण्याआधी त्या जमिनीवर स्वतः जाऊन उभे राहा, आणि चूक दिसली तर थांबायला लाजू नका. माझ्या भिंतींना तडा जात नाही, मित्रांनो, कारण माझ्यात कुणाची लेक राहत नाही.