पेवातला दिवा

दिनकररावांच्या कोठारात ज्वारीचं खोल पेव होतं. गेल्या साली आतली हवा न तपासताच त्यांनी कडूबाईच्या नवऱ्याला खाली उतरवलं आणि तो तिथंच गुदमरून मेला. तेव्हापासून कडूबाईनं पेवाच्या तोंडाशी साखळीला दिवा कायमचा टांगला. वात बदलणं, तेल घालणं, तीच बघायची. आत सोडलेला दिवा विझला, की कुणी उतरायचं नाही.

आज रझाकार पिंगळीपर्यंत आल्याची खबर आली. गडीमाणसं रानात पळाली. मोतीबिंदूनं अधू झालेले दिनकरराव पेवात लपायला निघाले. कडूबाईनं दिवा आत सोडला. तो लगेच विझला.

"कडू, दिवा जळायलाय का? बोल लवकर!"

"लय झकास जळायलाय, मालक. बिनघोर उतरा," म्हणत तिनं शिडी घट्ट धरली.