चंद्र झालेला बोया

दिनानाथच्या थोरल्या मुलीचं, किशोरीचं लग्न झालं, त्या वर्षी मी पनवेलच्या कॉलेजात आलो. दिनानाथ तिथल्या प्रयोगशाळेत शिपाई होता. त्याच्या हातांवरचा हळदीचा पिवळा रंग अजून निघाला नव्हता, त्याच हातांनी त्याने माझं खोकं उघडलं. मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे.

माझा जन्म कागदाच्या लगद्यातून झाला. दोन वाट्या जोडून गोल केला आणि त्यावर नकाशाच्या बारा पट्ट्या चिकटवल्या. चिकटवणाऱ्या बाईचा हात एका पट्टीला जरा सरकला. त्यामुळे माझ्यावरची श्रीलंका भारतापासून थोडी जास्तच लांब आहे. माझ्यात एवढीच खोट, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं.

कॉलेजात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी विज्ञानाचं व्याख्यान असे. कुणीही यावं, फुकट ऐकावं. कामोठ्याच्या शिकवणीतली मुलं येत, न्हावा शेव्याला कंटेनर ओढणारे ड्रायव्हर येत, पेन्शनीतले मास्तर येत. भूगोल शिकवणाऱ्या अरुंधती मॅडम मला टेबलाच्या मधोमध ठेवत आणि माझ्यावर बॅटरीचा झोत टाकत. दिवस, रात्र, ऋतू, ग्रहण, सगळं माझ्याच अंगावर घडे. लोक मान पुढे काढून बघत. त्या काळी मला वाटे, सभागृहात पृथ्वी एकच आहे आणि ती मी आहे.

मग प्रोजेक्टरचा पडदा आला. त्याच्यावरची पृथ्वी आपोआप फिरे आणि तिच्यावर खरे ढग सरकत. मला सभागृहातल्या कपाटाच्या माथ्यावर ठेवलं. तिथून मला पडद्याचा फक्त कोपरा दिसे, पण लोकांचे चेहरे पुरते दिसत. त्या चेहऱ्यांवरचं कौतुक बघून मी जळत असे.

पहिल्या रांगेत ठमाबाई बसायच्या. त्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या, पनवेलच्या बाजारात मासळी विकत. साठाव्या वर्षी त्या लिहायला-वाचायला शिकल्या. तेव्हापासून त्यांनी एकही व्याख्यान चुकवलं नाही. पडद्यावरची पृथ्वी पहिल्यांदा बघून त्या म्हणाल्या होत्या, "आई गं, कवरी देखणी हाय!" मला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. तेव्हापासून माझा त्यांच्यावरही राग होता.

एका शनिवारी विषय होता भरती-ओहोटी. शहरातून इंद्रजीत सर आले होते, तरुण आणि हुशार. ते म्हणाले, "अष्टमीच्या सुमाराला भरती लहान असते. तिला नीप टाइड म्हणतात. मराठीत काय म्हणतात, मला नाही माहीत."

ठमाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "भांग."

"आजी, भांग होळीला पितात!" सर म्हणाले, आणि सभागृह हसलं.

ठमाबाई उभ्या राहिल्या. "सर, आनखी एक. तुमी पडद्यावर लिवलंय, आवशेला सगळ्यात मोठं पानी. तसं नाय. पानी खरं चढतं आवशेनंतरच्या दुजेला, तिजेला."

"तुमचा अंदाज असेल आजी. पण चंद्र-सूर्य एका रेषेत येतात ते अमावास्येलाच. शास्त्र असंच सांगतं."

लोक पुन्हा हसले. ठमाबाई चहाला न थांबता निघून गेल्या. मित्रांनो, खरं सांगतो, कपाटावर मीही मनातल्या मनात हसलो. ज्या बाईने दुसऱ्या पृथ्वीला देखणी म्हटलं, तिची फजिती मला गोड लागली.

आठवड्याने अरुंधती मॅडमनी ठमाबाईंना सभागृहात बोलावून घेतलं. टेबलावर बंदराचं भरतीचं वेळापत्रक उघडलेलं होतं.

"ठमामावशी, मी वर्षभराचे आकडे ताडून बघितले. तुमचं बरोबर आहे. आणि भांग हा शब्द तर आपल्या भूगोलाच्या पुस्तकातही आहे."

"ते मला ठावं हाय. तुमच्या पडद्याला ठावं नाय."

"मग पुढच्या व्याख्यानाला तुम्हीच बोला. सगळ्यांसमोर."

ठमाबाईंनी वेळापत्रक मिटलं. "आनि परत हसली मानसं तर? बाजारात आताच ती बाजूची चंद्रावती मला विचारते, मावशी, भांग कशी पाव किलो? चाळीस वर्सं मी त्या ओट्यावर बसते मॅडम. माझा शबूद कोनी खोटा केला नवता."

मग त्यांनी वर पाहिलं. "बोलीन. पन तो गोळा खाली काढा. पडद्यावर हात ठेवला तर माझीच सावली पडते."

व्याख्यानाच्या शनिवारी दिनानाथने मला पुसलं. कितीतरी वर्षांनी मी टेबलाच्या मधोमध आलो. पडदा गुंडाळलेला होता. मला वाटलं, आता सगळं माझं.

पण ठमाबाईंनी पिशवीतून मासळीचं जाळं तरंगतं ठेवणारा एक बोया काढला, पांढरट, घासलेला, भोकातून सुतळी लोंबणारा. "हा चंद्र," त्या म्हणाल्या आणि तो माझ्याभोवती फिरवायला लागल्या. सभागृहाचे डोळे त्या बोयाबरोबर फिरले! माझ्यावर सात खंडं, पाच महासागर. त्याच्यावर काहीच नव्हतं, तरी त्याचीच वाहवा. पडद्याचा मत्सर मी समजू शकत होतो, तो झगमगीत तरी होता. आपण एका जाळ्याच्या बोयावर जळतो आहोत, याची मला फार लाज वाटली. पण जळणं थांबलं नाही.

ठमाबाईंचा आवाज मात्र पहिल्या रांगेपलीकडे पोचत नव्हता. मागून कुणीतरी हळूच "भांग" म्हणालं. त्यांनी बोया खाली ठेवला.

"दिनानाथ, ती परात भर पान्याने. आता ती घेऊन चाल. जोरात चाल. थांब!"

दिनानाथ थांबला. पाणी थांबलं नाही. ते परातीच्या कडेवरून त्याच्या पँटवर आणि पहिल्या रांगेतल्या इंद्रजीत सरांच्या बुटांवर गेलं.

"बगा," ठमाबाई म्हणाल्या. आता त्यांचा बाजारातला आवाज लागला होता. "मानूस थांबला, पानी थांबलं नाय. पान्याला वजन हाय. चंद्राने ओढलं म्हनून लगेच उठत नाय, नि सोडलं म्हनून लगेच बसत नाय. सासू हाक मारते आवशेला, सून हातातलं टाकून येते दुजेला!"

सभागृह हसलं. या वेळचं हसू वेगळं होतं, ते त्यांच्या बाजूचं होतं. इंद्रजीत सर ओल्या बुटांनी उठले. "आजी, चूक माझी होती. पाणी उशिराने चढतं, तो भाग मी शिकवताना सोडून देतो, कारण तो समजावणं अवघड जातं. जरा सावकाश सांगा, मी लिहून घेतो."

"लिव बाबा. मी साठीत शिकले, तुला तिशीत जड जानार नाय."

जाताना त्यांनी बोया माझ्या शेजारी ठेवला, कॉलेजलाच दिला म्हणा. आता मुलं आली की आधी बोया मागतात, मग मला. अजूनही माझा जीव जळतो; वयाने तो गुण काही गेला नाही. पण त्या संध्याकाळी सगळ्यांबरोबर ठमाबाईंना हसलो होतो, ते मला त्याहून जास्त जाळतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूवरची धूळ अधूनमधून पुसा. आणि एखादा शब्द तुम्हाला ठाऊक नसला, तर हसण्याआधी त्याचा अर्थ विचारा.

ठमाबाई गेल्या वर्षी मार्गशीर्षात वारल्या, व्याख्यानाच्याच शनिवारी, सकाळी सात वाजता. त्या दिवशी कॉलेजात व्याख्यान झालं नाही.