बदामाखालचा ठोंब

मित्रांनो, जुईनगरच्या एका सोसायटीत बदामाच्या झाडाखाली बुटकी, गडद हिरवी पाती दिसतात. तिथला मी एक जुना ठोंब आहे. शोभेचे गवत. नर्सरीत मला मोंडो म्हणत.

माळ्याने माझे फुटवे सुटे करून वीतभर अंतराने लावले, तेव्हा तिथे काहीच जगत नव्हते. दाट सावली, उतरती जमीन. वर मी सावकाश वाढतो, पण खाली मला चैन नसते. मुळे सारखी शेजारचा फुटवा शोधत असतात. चाचपडत ती एकमेकांना भेटली आणि उताराची माती आम्ही धरून ठेवली. "किती छान गालिचा!" लोक म्हणत. पुढे कौतुक सरले. कुणी चहाचे कप टाकले, कुणी स्कूटर लावली.

यंदा रंगूबाई साताऱ्याहून लेकाकडे राहायला आल्या. जन्म शेतात गेलेला. माझी अरुंद पाती पाहून त्या म्हणाल्या, "अगं बया, केवढा लव्हाळा माजलाय! कुनाचं लक्षच न्हाई." एक ठोंब उपटला, तर मुळांना गाठी. लव्हाळा म्हणजे शेतातले चिवट तण; त्यालाही गाठी असतात, मित्रांनो. त्यांची खात्रीच पटली. मला ओरडता येत नाही. दुपारपर्यंत माझा ढीग कचऱ्याच्या डब्याशेजारी पडला.

संध्याकाळी सोसायटीची पाण्याची टाकी भरून वाहिली आणि उघडी माती पार्किंगमध्ये उतरली. सेक्रेटरी उदयसिंह चिखल तुडवत आले.

"काकू, काय केलंत हे! ते मुद्दाम लावलेलं. जाऊ दे, टेन्शन नको. सकाळी घंटागाडीत देऊ, वर प्लॅस्टिकचं गवत अंथरू."

रंगूबाईंचा चेहरा उतरला. "आरं, पन ते माती कशी धरंल?"

"मग लावा तुम्हीच परत! घंटागाडीच्या आधी."

ते हसत गेले. मी तळमळत राहिलो. गाठींत साठलेल्या पाण्यावर जीव तगला.

सकाळी रंगूबाई पदर खोचून ढिगापाशी बसल्या. कांद्याची रोपे लावावीत तसे भराभर फुटवे सुटे करून त्या मातीत दाबू लागल्या. अर्धा ढीग उरला आणि फाटकाशी घंटा वाजली. गाडीवाला आत आला. रंगूबाई ढिगावर हात पसरून बसल्या.

"थांब रं बाबा, जित्ता हाय त्यो!"

उदयसिंह जिन्यात थबकले. पाहत राहिले. मग म्हणाले, "ओ भाऊ, पुढे जा. तो कचरा नाय." आणि पाण्याची बादली आणायला वळले.

आता मी विरळ आहे. घंटा वाजली की अजून दचकतो. म्हणून सांगतो, अनोळखी पाते उपटण्याआधी कुणाला तरी विचारा. आणि बदामाखालून जाताना जरा कडेने जा. खाली मुळे पुन्हा एकमेकांना शोधत आहेत.